कझबेगीचा कुत्रा नाशिकला आणू का?

"ताई, मी ३८ वर्षांची, नाशिकला तिसऱ्या मजल्यावर टूबीएचकेत राहते. मे महिन्यात नवऱ्याबरोबर जॉर्जियाला गेले होते. कझबेगीला एक मोठा केसाळ कुत्रा गावातून निघून गेर्गेतीच्या चर्चपर्यंत आमच्याबरोबर चढला, खाली पण आला आणि रात्री गेस्टहाऊसच्या दारात झोपला. दोन्ही दिवस हललाच नाही. निघालो तेव्हा टॅक्सीच्या मागे पळत होता. तीन आठवडे झाले, रोज रडू येतं. गेस्टहाऊसवाल्या बाईंचा भाचा म्हणतो ९० हजार पाठवा, दुबईमार्गे मुंबईला पोचवतो. नवरा म्हणतो आपल्या गल्लीत कुत्रे कमी आहेत का. सासूबाईंना काही बोलले नाहीये. पैसे पाठवू का? फोटो जोडलाय. (खेळताना त्याचा दात हाताला लागलेला, पण नुसता ओरखडा, रक्त नाही आलं.) - बेचैन"

अगं बेचैन, कुत्र्याचं नंतर बोलू, आधी त्या कंसातल्या ओरखड्याचं बघ. तीन आठवडे झाले आणि तू डॉक्टरकडे गेलीच नाहीस? रक्त आलं नाही म्हणजे काही झालं नाही असं नसतं, दाताचा ओरखडा असला तरी रेबीजची लस घ्यायची असते, आणि आता उशीर झाला मग काय उपयोग असंही नसतं कारण रेबीजची लक्षणं दिसायला कधीकधी महिने जातात आणि एकदा दिसली की मग हातात काही राहत नाही. आजच्या आज सिव्हिलला जा, तिथे लस फुकट मिळते, एकच इंजेक्शन नसतं, पूर्ण कोर्स असतो, तो मधे सोडायचा नाही. आणि नुसतं धनुर्वाताचं घेऊन घरी येऊ नकोस प्लीज. त्या गेस्टहाऊसवाल्या बाईंना पण मेसेज टाक की कुत्र्याचा आजचा फोटो पाठवा, कारण दात लागल्यावर दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात आणि डॉक्टर ते विचारतीलच. पण फोटोची वाट बघत बसू नकोस, आधी जा. तिबिलिसीत, म्हणजे त्यांच्या राजधानीत, तू रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानात प्लास्टिकचे टॅग बघितले असशील, त्याचा अर्थ नसबंदी झालीये, रेबीजची लस दिलीये आणि परत त्याच्या जागेवर आणून सोडलंय. तू पाठवलेल्या फोटोत ह्याचे दोन्ही कान मोकळे आहेत.

आता पैसे. नाही, पाठवू नकोस. भाचा फसवणाराच आहे असं मी म्हणत नाही, कदाचित खरंच मदत करायची असेल त्याला, पण त्याने तुला कुत्र्याच्या कातडीखाली बसवायची ओळखीची चिप विचारली का, लस विचारली का, भारताची परवानगी कोण काढणार ते सांगितलं का? भारतात कुत्रा आणणं हे सामानात एक बॅग जास्त घेण्यासारखं नाहीये गं. निदान दोन वर्षं बाहेर राहून जे लोक कायमचे परत येतात त्यांना आपले दोन पाळीव प्राणी आणता येतात, आठ-दहा दिवस फिरून आलेल्या माणसाला डीजीएफटीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या परदेशी व्यापार खात्याचं लायसन्स लागतं. त्यावर प्राणी क्वारंटाइनवाल्यांची, म्हणजे एक्यूसीएसची एनओसी, ती पण कुत्रा विमानात चढायच्या आधी. मायक्रोचिप, निदान तीस दिवस जुनी रेबीजची लस, बाकीच्या लसी, तिथल्या सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट. एवढ्या मोठ्या कुत्र्याला सीटखाली ठेवता येत नाही, तो पिंजऱ्यात घालून कार्गोनेच येणार, आणि मुंबईला उतरल्यावर कागदात काही कमी निघालं तर त्याला आल्या पावली परत पाठवू शकतात, खर्च तुझा आणि हाल त्याचे.

समजा हे सगळं तू केलंस, जिद्दी दिसतेस, करशीलही. पण मला काळजी पुढची आहे. हा कुत्रा १७०० मीटरच्या वर राहतो, अंगावर हा एवढा जाड कोट, दार उघडं, गाव त्याचं, मनात आलं की डोंगर चढायचा. त्याला तू नाशिकच्या एप्रिलमध्ये, चाळीस डिग्रीत, तिसऱ्या मजल्यावर कोंडणार? एसी लावशील गं, पण लिफ्टने खाली नेऊन पट्ट्याने वीस मिनिटं फिरवणं हे त्याच्यासाठी काय असेल विचार कर.

आणि जरा लागेल असं बोलते, तू त्याची पहिली नाहीस. गेर्गेतीचं ते चर्च २१७० मीटरवर आहे आणि त्या वाटेवर ट्रेकर्सबरोबर कुत्रे चढतात हे तिथे जाऊन आलेली बरीच माणसं सांगतात, सकाळी एक ग्रुप पकडायचा, वर जायचं, कोणाच्या तरी खाचापुरीतला, म्हणजे तिथल्या चीज भरलेल्या पावातला तुकडा मिळवायचा, खाली यायचं. जॉर्जियातल्याच बातुमी शहरात तर कुपाता नावाचा टॅगवाला कुत्रा शाळेच्या पोरांना झेब्रा क्रॉसिंगवरून पलीकडे न्यायचा, गाड्यांवर भुंकून त्यांना थांबवायचा, २०२० मध्ये त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. तिकडचे बरेचसे कुत्रे असेच, मालक एक नाही पण ओळखणारे पन्नास. तुझ्यावर त्याने जीव लावला ते खोटं होतं असं नाही, दोन दिवस तो तुझाच होता. पण तू त्याला टाकून आलीस हे जे तू स्वतःला रोज सांगत बसलीयेस ना, ते बंद कर. टॅक्सीच्या मागे तो तुझ्या आधीही पळाला असेल.

त्याची खरी अडचण हिवाळ्यात असते. बर्फ पडतो, टुरिस्ट कमी होतात, खाचापुरी बंद. तेव्हा काही करायचंच असेल तर ह्याच्यासाठी कर. फोटो मागशील तेव्हा बाईंना विचार की ह्याला कोण खायला घालतं, जवळ प्राण्यांचा डॉक्टर कुठे आहे. लस आणि नसबंदीचे पैसे थेट त्या डॉक्टरला दे, बिल बघून, भाच्याच्या खात्यात नाही. हिवाळ्याच्या आधी कोरड्या खाण्याच्या दोन-तीन गोण्या गेस्टहाऊसवर पोचतील एवढं बघ. ९० हजारांच्या जवळपासही जाणार नाही हे आणि कुत्रा आपल्या डोंगरावर राहील.

नवऱ्याचा तो गल्लीवाला डायलॉग मला आवडला नाही. माणूस मोजून जीव लावतो का कुठे? पण त्याच्यावर चिडून घरात अबोला धरून काय मिळणार, त्याला सरळ विचार की तुला कुत्रा नकोय की हा कुत्रा नकोय, दोन्ही वेगळं आहे आणि मला वाटतं त्याला खर्चाची धास्ती आहे, कुत्र्याची नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तुला घरात कुत्रा हवाय हे त्यात कझबेगीच्या आधीपासूनचं दिसतंय मला. मग नाशिकमधलंच एखादं पिल्लू घ्या ना, इथल्या उन्हात जन्मलेलं. मात्र सासूबाईंना आधी सांग, पिल्लू दारात आणून मग नाही. दिवसभर घरात त्या असणार, पायात पिल्लू येऊन पडल्या तर? त्यांना "आणू का" असं गुळमुळीत विचारू नकोस, सकाळचं फिरवणं माझं, शी-शू पुसणं माझं, स्वयंपाकघरात येणार नाही, असं स्पष्ट बोल आणि त्यांची काय अट असेल ती ऐकून घे. आणि पुढच्या ट्रिपला गेलात की पिल्लू कोणाकडे राहणार हे आत्ताच ठरवा, तुम्हा दोघांचे पाय काही घरात टिकणारे दिसत नाहीत.