नकली हंसांवर खरे हंस उतरतात कसे?

प्रश्न : माझा भाचा कॅनडात सस्कॅचवानला असतो. तिथले लोक शेतात प्लॅस्टिकचे हंस मांडून रानहंसांची शिकार करतात, असं तो सांगतो. एवढा सावध पक्षी फसतो कसा? आणि तसेच हंस आपल्या वढवाणा तलावावर ठेवले, तर जवळून फोटो मिळतील का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : हंस फसतो तो आपल्या जातभाईंवरच्या विश्वासामुळे. वरून जाताना खाली आपलीच मंडळी निवांत चरताना दिसली, की तिथे खायला आहे आणि धोका नाही, हे त्याला एका नजरेत कळतं. शिकारी नेमका तो निवांतपणा मांडतात. कापणी झालेल्या रानात उजाडायच्या आधीच नकली हंस ठेवतात. बहुतेकांच्या माना खाली, चरणाऱ्या. ताठ मानेचे मोजकेच. सगळ्याच माना वर असतील, तर थव्याला ती धोक्याची खूण वाटते आणि तो उतरत नाही. हंस वाऱ्याला तोंड करून उतरतात, म्हणून त्या बाजूनं मधे मोकळी जागा सोडतात आणि तिच्या आसपास शिकारी दबा धरून पडतात. दवानं प्लॅस्टिक चमकलं तरी जुने पक्षी घिरट्या घालून निघून जातात. सहज फसतात ती त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं. मला या सगळ्यात हेच फार लागतं.

अमेरिकेत पूर्वी जिवंत पाळीव हंस बांधून ठेवत. त्यावर १९३५ मध्ये बंदी आली.

आता वढवाण्याचं. कृपा करून असं काही ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि त्यातल्या व्याख्येत आमिष दाखवणंही शिकारीत मोडतं. हेतू फोटोचाच आहे, हे तिथे कुणाकुणाला पटवत बसणार? शिवाय इथे उतरणारे पट्टकादंब जातीचे रानहंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. दिवसा ते विसावलेले असतात, तेव्हा त्यांना फसवून इकडेतिकडे उडवायचं कशाला? २०२१ पासून हा तलाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तो या पाहुण्यांच्या जोरावरच.

त्यापेक्षा शिकाऱ्यांना कळलेली ती मानांची खूण तुम्ही वापरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर जा, ऊन पाठीशी घ्या, बांधावरूनच हळूहळू पुढे सरका. थव्यातली एक मान उठली की जागीच थांबा. दोन-चार उठल्या तर मागे या. त्या पुन्हा खाली गेल्या की कॅमेरा काढा. चरणाऱ्या, पंख साफ करणाऱ्या हंसांचे फोटो तेव्हाच मिळतात.