वाचक विचारतात

प्रश्न : आमच्या विज्ञानकथाप्रेमींच्या गटात संपकरी कामगारांची सर्रास टिंगल होते. हरकत घेतली, तर ‘तुला विनोद कळत नाही, आणि हा विषय इथला नव्हेच’ असे ऐकवले जाते. माझे चुकते का?

उत्तर : विषय तिथलाच आहे. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातले यंत्रमानव राबण्यासाठीच घडवलेले असतात आणि पुढे माणसांविरुद्ध बंड करतात; त्याच्या आदल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्या करारात उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पडद्यावरच्या यंत्रमानवाच्या बंडाला टाळ्या वाजवायच्या आणि हाडामांसाच्या माणसाने जादा तासांचा मोबदला मागितला की नाक मुरडायचे, ही विसंगतीच मला अधिक विनोदी वाटते.

विनोदाला मात्र बंदी घालू नका (रुसलेल्या श्रोत्यापुढे तो अधिकच चेकाळतो). कामगारांनी स्वतः मुकादमाच्या केलेल्या नकला, त्याचे ते घड्याळाकडे बोट दाखवून खाकरणे, हाही विनोदच असतो. फक्त त्याचा रोख वरच्या दिशेला असतो. पुढच्या वेळी शांतपणे एवढेच विचारा, ‘यात हसण्यासारखे नेमके काय आहे?’ विनोद समजावून सांगायची पाळी आली की सांगणाराच अडखळतो.