वाचक विचारतात : शेतातली ‘मोट’

प्रश्न : मी मिरजेचा निवृत्त शिक्षक. मुलगा इंग्लंडात, सफोक भागात असतो. यंदा आम्ही दोघं तिकडे तीन महिने राहून आलो. रोजच्या फिरण्याच्या वाटेवर एका शेतात चौकोनी चर आहे. त्यात हिरवं पाणी, मधे काटेरी झुडपांचा उंचवटा. नकाशात त्या जागी जुन्या वळणाच्या अक्षरांत ‘मोट’ लिहिलंय. मी म्हटलं, इथंही मोट! सगळे हसले, पण नीट कुणालाच सांगता येईना. ताई, हा भुईकोट म्हणावा तर बुरूज कुठे गेले? आणि आत कोण राहत होतं?

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र वाचून मीही हसले. आपली मोट पाणी वर काढते, त्यांची ‘मोट’ (moat) म्हणजे खंदक, ती पाणी कोंडून ठेवते. गंमत म्हणजे तो शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ उंचवटा असा होता. उंचवटा करायचा तर शेजारी खणावं लागतंच. पुढे नाव उंचवट्यावरून घसरलं ते खड्ड्यात पडलं. नकाशातली ती वळणदार अक्षरं तिकडे पुराणवास्तू दाखवायला वापरतात, म्हणजे तुमची नजर योग्य जागी गेली.

बुरूज कुठे गेले नाहीत, ते नव्हतेच. तुम्ही पाहिलात तो वाड्याभोवतीचा खंदक. इंग्लंडात अशा खंदकवेढ्या जागा पाच हजारांवर आहेत. त्यातल्या बऱ्याचशा साधारण १२५० ते १३५० या शंभर वर्षांत खणल्या गेल्या, आणि सफोक, एसेक्स, वॉरिकशर अशा चिकणमातीच्या मुलखात त्यांची गर्दी आहे. चिकणमातीत खड्डा केला की अस्तर न लावता पाणी टिकतं. निघालेली माती मधे टाकली की घराची जागा उंच आणि कोरडी होते. एका खणण्यात दोन कामं.

राहणारे मोठे सरदारच होते असं नाही. गावचा लहान जमीनदार, कुठं धर्मगुरू, कुठं मठाचं शेतघर, तर कुठं रान तोडून जमीन केलेला स्वतंत्र कुळवाडी. चोराला रात्री पाण्यातून यावं लागे, खंदकात मासे पाळता येत, घराला आग लागली तर पाणी हाताशी. पण फौज अडवायला एवढं पाणी पुरत नाही. चार ओंडके आडवे टाकले की झालं. माझ्या मते खरं कारण ऐट. बड्या सरदाराच्या किल्ल्याला खंदक, मग आपल्या घराला का नको? पाटलाच्या वाड्याचा दरवाजा हत्ती जाईल एवढा असतो. हत्ती गावात कधी आलेला नसतो.

आतला वाडा कसा असे ते पाहायचं तर कॉर्नवॉलमधलं पेनहॅलम. तिथल्या घराण्यानं चौदाव्या शतकाच्या मध्याला वाडा सोडला आणि नंतर त्यावर कुणी बांधलं नाही, म्हणून जोत्याचा अख्खा आराखडा शिल्लक राहिला. १९६८ ते १९७३ मध्ये उत्खनन झालं. आराखडा बघितला की आपल्या माणसाला परकं वाटत नाही: मधे चौक, चारी अंगांनी खोल्या, थेट चौसोपी वाडा. मोठं दालन, स्वयंपाकघर, भटारखाना, बिअर बनवायची खोली, आणि छोटं प्रार्थनाघर. सफोकात दगड दुर्मीळ, त्यामुळे तुमच्या उंचवट्यावर लाकूड-मातीचं घर असणार. असं घर पडलं की मागे फार थोडं उरतं. गवतात नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : खंदकाच्या तळाचा गाळ सर्वांत जुना, मग त्यातल्या वस्तूंवरून खंदकाचं वय सरळ काढता येईल ना? (पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : मीही तुझ्याच वयात असं समजून बसले होते. शिकत असताना एका उन्हाळ्यात मी तिकडच्या अशाच एका खंदकावर काम केलं. दिवसभर पंप चालू, आमच्या मळ्यातल्या डिझेल इंजिनासारखा. खाली काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास. तळाला थापी लागली तेव्हा मला वाटलं, आलं तेरावं शतक. हाताला काय लागलं? मातीच्या चिलमीच्या नळ्या! तंबाखू इंग्लंडात पोचली सोळाव्या शतकात. तेराव्या शतकातला माणूस चिलीम कुठून ओढणार?

उत्तर आपल्या विहिरीत आहे. विहीर वापरात असते तोवर उन्हाळ्यात गाळ उपसतात. खंदकही तसाच उपसत. म्हणजे पहिल्या मालकाचा गाळ केव्हाच शेतात खत म्हणून गेला. तळाशी सापडतो तो उपसणं बंद झाल्यानंतरचा गाळ, लोकांनी खंदकाकडे दुर्लक्ष केलं त्या काळातला.

मग जुनं शोधायचं कुठं? दोन जागा. पहिली, मधल्या उंचवट्याखाली: खंदकाची माती टाकली तेव्हा तिच्याखाली जुनी जमीन जशीच्या तशी दाबली गेली. तिच्यातली खापरं आणि परागकण खंदकाच्या आधीचे, म्हणजे तिथं रान होतं की पीक हेही कळतं. दुसरी, पुलाच्या पायाशी, जिथं उपसणाऱ्याचं फावडं नीट पोचत नाही. पाण्याखाली हवा नसते, म्हणून ओकचे आडवे वासे शतकानुशतकं टिकतात. त्यांची वार्षिक वर्तुळं मोजून झाड तोडल्याचं वर्ष काढता येतं, पण सालीलगतची वर्तुळं शिल्लक असतील तरच. सुतारानं ती तासून टाकली असली की ‘अमुक वर्षानंतर’ एवढ्यावर थांबावं लागतं.

माझ्या वाट्याला त्या उन्हाळ्यात एका चामडी बुटाचा तळवा आला. लहान मुलाचा, टाचेला झिजलेला. तो वाळू द्यायचा नसतो, वाळला की सुरकुतून जातो. म्हणून पाण्याच्या डब्यात ठेवला. डब्यावर क्रमांक लिहिला आणि पुन्हा चिखलात उतरले.

प्रश्न : लॉर्ड कर्झननं इंग्लंडात एका किल्ल्याचा खंदक उपसला होता, हे खरं का? (पुणे)

उत्तर : खरं आहे. बंगालची फाळणी करणारे तेच हे कर्झन. १९०२ साली जॉन मार्शल यांना भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख नेमलं आणि १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आणला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. मायदेशी परतल्यावर त्यांनी ईस्ट ससेक्समधला बोडियम किल्ला विकत घेतला. सर एडवर्ड डॅलिंग्रिज यांना १३८५ साली तो बांधायची राजाची परवानगी मिळाली होती. कर्झननी १९१९ मध्ये खंदक रिकामा केला, सुमारे तीन फूट गाळ काढला, आणि जुन्या पुलांचे पाये उघडे झाले. १९२५ साली ते गेले तेव्हा मृत्युपत्रानं किल्ला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेला. चित्रांत तो पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. मूळच्या अठ्ठावीस शौचकूपांचं सगळं त्याच पाण्यात पडत होतं, हे चित्रात येत नाही. तिथंही युद्ध की ऐट यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. मी ऐटीच्या बाजूला जरा जास्त झुकते.

प्रश्न : माझा भाचा एसेक्समध्ये असतो. त्यानं धातुशोधक यंत्र घेतलंय. अशा खंदकात नाणी मिळतील का? (नाशिक)

उत्तर : भाच्याला आधी यंत्र पेटीत ठेवायला सांगा. असे पुष्कळ खंदक संरक्षित आहेत, आणि संरक्षित जागेवर परवानगीशिवाय असं यंत्र चालवणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. बाकी ठिकाणीही जमीनमालकाची परवानगी लागते. हौस असेल तर कोरड्या उन्हाळ्यात टेकाडावरून पिकं बघावीत. बुजवलेल्या खंदकावर माती खोल आणि ओलसर राहते, त्यामुळे शेत पिवळं पडलं तरी तेवढा चौकोनी पट्टा हिरवा दिसतो. फोटो काढून गाव आणि तारीख लिहून मला पाठवा. पुढच्या अंकात छापू.