फोन लावते आणि कट करते

प्रश्न : माझ्या बालमैत्रिणीच्या 22 वर्षांच्या मुलाला मनोविकार विभागात दाखल केलं आहे. आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय असं त्याला वाटायचं. शेवटी त्याने खोलीच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या. हे मला दुसऱ्यांकडून कळलं, मैत्रीण काहीच बोललेली नाही. मी रोज फोन लावते आणि वाजायच्या आत कट करते. ताई, काय बोलू तिच्याशी?

उत्तर : आज फोन वाजू द्या. तिने उचलला की म्हणा, "कळलं मला. आत्ता काही सांगू नकोस, फक्त मी आहे हे लक्षात ठेव." कुणाकडून कळलं असं तिने विचारलं तर खरं सांगून टाका. लपवाछपवीने ती आधीच दमलेली असेल.

मी 26 वर्षं अशाच एका वॉर्डात नर्स होते. पेशंट दाखल झाला की आम्ही त्याचं सामान तपासायचो. बेल्ट, बुटाच्या लेस, चार्जरची वायर, पायजम्याची नाडी असं जिवाला धोका होईल ते सगळं काढून नातेवाइकांच्या हाती परत द्यायचो. एकदा एका आईच्या तळहातावर मी मुलाची नाडी ठेवली. तिने ती बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. फॉर्मवर सही केली तीही बोटाला नाडी तशीच ठेवून. पुढे ती रोज भेटीला यायची. पर्स उघडली की आत नाडी दिसायची. एवढ्या दिवसांत औषधं आणि भेटीची वेळ सोडून मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

हे मला टोचलं ते माझाच भाऊ दाखल झाला तेव्हा. पाय मोडला असता तर घरी रीघ लागली असती. या आजारात दाराची बेल वाजायची थांबली. एक शेजारीण तेवढी यायची. भावाबद्दल चकार शब्द काढायची नाही. वाळलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात ओढून घड्या घालत बसायची. आई रडायला लागली तरी हिच्या घड्या चालूच. आईला ती हवीहवीशी का वाटायची, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

म्हणून "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका. काय लागतंय हे ठरवायचंही त्राण अशा वेळी नसतं. "मंगळवारी भेटीच्या वेळी मी येते, बाहेर बाकावर बसते," असं नेमकं सांगा. वॉर्डातून बाहेर पडल्यावरची दहा मिनिटं सगळ्यांत वाईट. मुलगा गुंगीत, हातपाय कडक, तोंडातून लाळ. बरं करायला आणला की बिघडवायला, असं आईला वाटतं. बहुतेकदा हा औषधांचा दुष्परिणाम असतो. डॉक्टरांना सांगितलं की मात्रा किंवा औषध बदलता येतं. मनातला संशय ओसरायला मात्र काही आठवडेही लागू शकतात. तुम्ही एवढंच करायचं, "चल, आत जाऊन सिस्टरना सांगून येऊ," म्हणून तिच्याबरोबर उठायचं. दुसऱ्या डॉक्टरांची नावं आणि कुणाकुणाच्या बऱ्या झालेल्या भाच्यांच्या गोष्टी कृपा करून नकोत.

"माझं काय चुकलं?" हे ती कधीतरी विचारेलच. निदान काय आहे ते मला पत्रावरून सांगता येणार नाही, पण स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास आणि खोटे संशय येणाऱ्या गंभीर मनोविकाराच्या बाबतीत हा आरोप जुनाच आहे. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' अशा अर्थाचा शब्द वापरला आणि पुढे कित्येक वर्षं आया त्यात भरडल्या गेल्या. आज ती कल्पना मोडीत निघाली आहे. आनुवंशिकता, मेंदूची वाढ, ताण, काही वेळा गांजा अशा अनेक गोष्टी मिळून आजार होतो. हे तिला ठामपणे सांगा, हवं तर दहा वेळा सांगा.

आजार झाल्यावर घरातला सूर कसा आहे, याने मात्र फरक पडतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांना 1950 च्या दशकात दिसलं, की आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेले पेशंट हे भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेलेल्यांपेक्षा जास्त बिघडत होते. पुढच्या अभ्यासांत सततची टीका, चीड आणि चोवीस तासांची पहारेदारी यांचा संबंध दिसून आला. हे तिला ऐकवू नका. दमलेल्या बाईला तोही आरोपच वाटेल. त्यापेक्षा मुलगा घरी आला की तिला रोज तासभर बाहेर काढा. तेवढा वेळ त्यालाही मोकळा मिळेल.

आणि डिस्चार्ज झाला म्हणून तुम्ही निवांत होऊ नका. आत्महत्येच्या दृष्टीने सुट्टीनंतरचे पहिले आठवडे फार जोखमीचे असतात. गोळ्या कुलपात ठेवणं, पुढच्या तपासणीची तारीख सांभाळणं ही कामं वाटून घ्या. जगायचा कंटाळा आला असं तो म्हणाला, तर "मरायचे विचार येतात का?" असं सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं न ठेवता तडक डॉक्टरांना गाठायचं.

प्रश्न : पत्नीला तीव्र नैराश्यामुळे दाखल केलं आहे. 6 वर्षांच्या मुलीला मी 'आई कामासाठी बाहेरगावी गेली' असं सांगितलं. बरोबर केलं का?

उत्तर : नाही, पण अजून उशीर झालेला नाही. बाहेरगावी गेलेली आई फोन का करत नाही, याचं उत्तर मूल आपलं आपणच शोधतं, आणि 'माझ्यावर रागावली' असं ठरवून मोकळं होतं. आज रात्री सांगा : "आईला आजार झालाय. त्यात खूप उदास वाटतं, उठवत नाही. तो तुझ्यामुळे झाला नाही. डॉक्टर औषध देतायत." कधी येणार याची तारीख देऊ नका. उद्या शाळेत कोण सोडणार आणि वेणी कोण घालणार, ते मात्र नक्की सांगा. वेणी तुम्हाला येत नसेल तर तिच्याकडूनच शिका, वाकडी झाली तरी ती चालवून घेईल.