पिशवी कंपोस्टेबल आहे, पण जाते कुठे?

गेल्या वेळी सकाळच्या फेरफटक्याबद्दल लिहिलं, तर पत्रं आली ती कुत्र्याची शी उचलायच्या पिशव्यांबद्दल. २२ वर्षं इंदुरात जनावरांवर उपचार करतोय. हा विषय लोक स्वतःहून काढतात, याचा मला खरंच आनंद आहे.

दुकानात हिरव्या पिशव्यांच्या रोलवर ‘इको-फ्रेंडली’, ‘बायोडिग्रेडेबल’, ‘कंपोस्टेबल’ असं काहीही छापलेलं असतं. त्यातलं खरं काय मानायचं? (लोकमान्यनगर)

पहिले दोन शब्द सोडून द्या. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणजे कधीतरी कुजेल. किती दिवसांत आणि कुठे, हे तो शब्द सांगत नाही. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ लिहिलं असेल तर हातही लावू नका. ते साधं पॉलिथीनच असतं, लवकर तुटावं म्हणून त्यात रसायन घातलेलं. अशा पिशवीचा भुगा होतो आणि तो मातीतच राहतो. युरोपीय संघाने २०२१ मध्ये अशा वस्तूंवर बंदी घातली.

‘कंपोस्टेबल’ला मात्र मोजमाप आहे. खोक्यावर आयएस/आयएसओ १७०८८ हा आकडा, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक शोधा. या मानकाच्या चाचणीत १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत. हाताला या पिशव्या मऊ लागतात, चुरगळल्या तरी फारशा कुरकुरत नाहीत. पण नुसत्या स्पर्शावर जाऊ नका, आकडा बघा. आणि ‘मक्याची पिशवी’ म्हणून विकतात तीत मक्याच्या स्टार्चबरोबर पीबीएटी नावाचं प्लास्टिकही असतं, बहुधा खनिज तेलापासून केलेलं. तेही कुजतं, म्हणून त्यात फसवणूक नाही. नाव तेवढं अर्धवट आहे.

पिशवी कंपोस्टेबल आहे, तर शीसकट ओल्या कचऱ्यात टाकली तर चालेल ना? (रामबाग)

नाही. या पत्राचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण घोळ इथेच होतो.

वर सांगितलेली चाचणी साधारण ५८ अंश सेल्सियसला होते, हवा खेळती असलेल्या गरम ढिगात. आपल्या ओल्या कचऱ्याचं तसं होत नाही. इंदुरातल्या देवगुराडियाला २०२२ साली गोबरधन प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा पचवायची होती. पण तिथे हवेविना कुजवून गॅस काढतात. गरम ढिगात विरघळणारी पिशवी तिथे तेवढ्या वेळात पचेल याचा भरवसा नाही. शिवाय कचरा निवडणाऱ्या माणसाला ती पॉलिथीनसारखीच दिसते. तो ती हाताने उचलून बाजूला काढणार, आणि आत असणार शी. सगळ्या शहराने कचरा वेगळा करायची सवय लावून घेतली, त्यावर आपण असं पाणी ओतायचं नाही.

माझ्या घरी शेरूची शी वर्तमानपत्राच्या जाड तुकड्यावर उचलतो, घरी आल्यावर ती संडासात टाकून पाणी सोडतो आणि कागद सॅनिटरी कचऱ्याच्या डब्यात जातो. दोन फेऱ्यांच्या हिशेबाने वर्षाला ७३० पिशव्या वाचतात. लांब फिरायला जात असाल, हातात कागद धरणं जमत नसेल, तर पिशवी घ्या. पण घरी आल्यावर तीही रिकामी करून, बांधून त्याच डब्यात टाका. तुमच्याकडे खतखड्डा नसेल तर महागड्या कंपोस्टेबल पिशवीचा पर्यावरणाला फारसा फायदा होत नाही, हे मी स्पष्ट सांगेन.

माझ्या पिशव्या उचलतानाच फाटतात. माल खराब आहे का? (सुदामानगर)

बहुतेक वेळा माल जुना असतो. कुजण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे. उष्णता आणि दमट हवा लागली की ती कपाटातही कमजोर होते. गेल्या ऑगस्टमध्ये स्कूटरच्या डिकीत उन्हाळ्यापासून पडलेला रोल मी काढला. पहिली पिशवी टोकाने उघडली आणि ओल्या पोळीसारखी बोटांवरून सरकत फाटली. तेव्हापासून मी तीन महिन्यांपुरत्याच घेतो, खोक्यावरची तारीख वाचतो आणि रोल घरात कोरड्या डब्यात ठेवतो. मोठ्या कुत्र्यासाठी जरा जाड आणि रुंद पिशवी बघा. सुगंधी नको, कुत्र्याच्या नाकाला तो वास सोसत नाही.

घरामागे जागा आहे. खड्डा करून खत केलं आणि टोमॅटोला घातलं तर? (वैशालीनगर)

खड्डा करा, टोमॅटोला घालू नका. कुत्र्याच्या शीतून गोलकृमीची अंडी येतात आणि ती मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. मातीत खेळणाऱ्या लहान मुलांच्या पोटात गेली तर त्रास होतो, डोळ्यांपर्यंतसुद्धा. घरातल्या ढिगाला ती मारण्याइतकी उष्णता सहसा येत नाही. म्हणून हे खत भाजीला किंवा कोथिंबिरीला कधीच नको. सावलीच्या झाडाला किंवा जास्वंदीला घाला, तेही वर्षभर कुजल्यावर.

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात खड्डा भरला तर सगळं सडून घाण सुटते. उंचवट्यावर, विहिरीपासून आणि बोअरिंगपासून लांब खणा, तळाशी विटांचे तुकडे पसरा आणि प्रत्येक शीवर ओंजळभर पालापाचोळा टाका. वर झाकण हवंच. खड्ड्याला पिशवी टाकायचीच असेल तर ‘होम कंपोस्ट’ची छाप असलेली घ्या, नुसतं ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली गरम ढिगासाठी असते. आणि कुत्र्याला ठरल्या वेळी जंताचं औषध द्या. खड्ड्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

पिशवीसकट संडासात टाकली तर? (पलासिया)

टाकू नका, कुठलीच पिशवी. ती पाईपमध्ये अडकते, आणि चोकअप काढायला माणूस बोलवावा लागतो.