पुढच्या काचेला तडा: क्लेम करू की खिशातून भरू?

नाशिकच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. जुलैत मुंबईहून परतताना कसारा घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली आणि गाडीच्या पुढच्या काचेवर आदळली. सुरुवातीला नखाएवढी टिकली होती. आता ड्रायव्हरच्या बाजूच्या कडेपासून वीतभर तडा गेला आहे. गाडी १२०० सीसीच्या आतली पेट्रोल हॅचबॅक, नोव्हेंबरमध्ये पाच वर्षं पूर्ण होतील. आजवर एकही क्लेम केलेला नाही, त्यामुळे चालू पॉलिसीत ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, आहे. पॉलिसी साधी सर्वसमावेशक आहे, झिरो डेप (घसारा म्हणजे वापराने घटलेली किंमत न कापता भरपाई देणारं जादा कवच) किंवा दुसरं कुठलंही अॅड-ऑन घेतलेलं नाही.

त्यांच्यापुढे तीन दर आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सगळं मिळून १४,५०० रुपये. शहरातल्या फक्त गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या दुकानात नामांकित उत्पादकाची काच ८,५०० रुपयांत. गॅरेजवाल्याच्या ओळखीचा काचवाला ५,२०० रुपयांत बसवून देतो म्हणतो. घरचे म्हणतात, एवढी वर्षं हप्ता भरलाय, आता क्लेम करून टाक, फुकटात होईल. त्यांचा स्वतःचा विचार दिवाळीपर्यंत थांबायचा आहे, कारण तेव्हा आरडी सुटणार आहे. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: पुढच्या वर्षी ही गाडी विकून जरा मोठी, बारा लाखांच्या आसपासची गाडी घ्यायचं चाललं आहे.

ताई, माझं उत्तर आधी सांगते. क्लेम करू नका. ८,५०० रुपयांची काच बसवा आणि ती याच आठवड्यात बसवा. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ नसती तरी मी हेच सांगितलं असतं, पण त्या ओळीमुळे आता शंका उरलेली नाही.

क्लेम केला तर विमा कंपनी किती देईल, इथून सुरुवात करू. बऱ्याच जणांना वाटतं की झिरो डेप नसेल तर काचेचे पैसे अर्धेच मिळतात. तसं नाही. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, फायबर ग्लासवर ३० टक्के, पण काचेवर घसारा शून्य असतो. काचेची पूर्ण किंमत धरली जाते. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये काच ११,२०० रुपये, मजुरी १,५०० आणि बीडिंग-मोल्डिंग (काचेच्या कडेच्या रबर-प्लॅस्टिकच्या पट्ट्या) वगैरे १,८०० रुपये आहे. शेवटच्या रकमेतले निम्मे, म्हणजे ९०० रुपये धरले जातील. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० रुपये सक्तीने स्वतः सोसावे लागतात, ते वजा केले की कंपनी साधारण १२,६०० रुपये देईल. तुमच्या खिशातून १,९०० जातील. घरच्यांना हे फुकटासारखं वाटतं यात नवल नाही.

या १,९०० रुपयांची खरी किंमत नोव्हेंबरमध्ये नूतनीकरणाला कळते. नो क्लेम बोनस पायरीपायरीने वाढतो: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला तो थेट शून्यावर येतो. एक पायरी नाही, सगळाच जिना उतरावा लागतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. नोव्हेंबरमध्ये तुम्हाला ५० टक्के मिळणार आहेत. क्लेम केला तर पुढच्या पाच नूतनीकरणांत तुम्ही अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के गमावता. बेरीज १२५ टक्के. म्हणजे सर्वात वरच्या पायरीवर असलेल्या माणसाला एका क्लेमची किंमत वर्षभराच्या ओन डॅमेज हप्त्याच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्याच्या, सव्वापट पडते. हा आकडा लक्षात ठेवा, कुठल्याही लहान क्लेमच्या वेळी तो उपयोगी पडेल. मात्र हिशोब ओन डॅमेजच्याच हप्त्यावर करायचा. थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या, हप्त्यावर बोनस लागत नाही.

तुमच्या पॉलिसीत बोनस वजा होण्याआधीचा ओन डॅमेज हप्ता सुमारे ८,००० रुपये आहे. गाडीची विमा किंमत दरवर्षी घटते म्हणून हप्ताही उतरत जाईल असं धरलं, तरी पाच वर्षांत सवलतीचे सुमारे ९,१०० रुपये बुडतात. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळवला की १०,८०० च्या घरात जातात. त्यात आज खिशातून जाणारे १,९०० मिळवा. क्लेमचा खर्च १२,७०० रुपये झाला. खिशातून भरलं तर ८,५००.

हे झालं गाडी न बदलता. पुष्कळांना माहीत नसतं की नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली की तो नव्या गाडीच्या पॉलिसीवर लावून घेता येतो. बारा लाखांच्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता बोनसआधी २५,००० रुपये धरू. ५० टक्क्यांनी पहिल्याच वर्षी १२,५०० वाचतात. आज क्लेम केलात, तर तोवर तुमच्याकडे २० टक्केच जमलेले असतील, म्हणजे ५,०००. फरक ७,५०० रुपयांचा, तोही एका वर्षाचा. यंदाच्या नोव्हेंबरचे जुन्या गाडीवरचे ४,००० आणि नव्या गाडीच्या पुढच्या वर्षांतला फरक मिळवला, तर नुकसान २१,००० रुपये, जीएसटीसह २४,८०० च्या आसपास. साडेआठ हजारांची काच वाचवायला चोवीस हजार मोजायचे का, हा प्रश्न घरच्यांपुढे ठेवा.

या हिशोबाची एक कमकुवत बाजू आहे, तीही सांगायला हवी. पुढच्या वर्षांत तुमच्यावर दुसरा क्लेम करायची वेळ येणार नाही, असं मी गृहीत धरलं आहे. समजा दोन वर्षांनी मोठा अपघात झाला आणि क्लेम करावाच लागला, तर बोनस तेव्हा तसाही जाईल. जुनीच गाडी धरली, तर आजच्या क्लेममुळे बुडणारी रक्कम मग ७,३०० रुपयांवर येते आणि क्लेमचा एकूण खर्च ९,२०० होतो. तरीही ८,५०० पेक्षा जास्तच. याच पॉलिसीच्या उरलेल्या तीन महिन्यांत गाडी कुठे जबर ठोकली गेली, तर मात्र काचेचे पैसे खिशातून गेले याची हळहळ वाटेल. तो धोका पत्करण्याजोगा आहे, असं माझं मत आहे.

निर्णय उलटू शकतो तो एकाच गोष्टीने. काही कंपन्या बोनस राखण्याचं अॅड-ऑन देतात, आणि काहींच्या अटींत फक्त काचेचा क्लेम असेल तर बोनस जात नाही. तुम्ही लिहिलेल्या माहितीत असं काही दिसत नाही, तरी पॉलिसीची प्रत काढून तो भाग स्वतः वाचा आणि विमा कंपनीला ईमेल करून विचारा. एजंटाच्या किंवा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. लेखी होकार आला, तर १,९०० रुपयांत सर्व्हिस सेंटरची काच घ्या. पण मग कंपनीला कळवून पाहणी होईपर्यंत जुनी काच काढू देऊ नका.

आता काचेबद्दल. इथे मी थोडी आग्रही आहे, कारण गाडीतल्या माणसांचा जीव यात गुंतलेला आहे. पुढची काच लॅमिनेटेड असते: दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाचा चिवट पारदर्शक थर. दगड बसला तरी काच त्या थराला चिकटून राहते, तुकडे अंगावर येत नाहीत. पुढची काच लॅमिनेटेडच हवी, असा मोटार वाहन नियमांतही दंडक आहे. तिचं काम वारा-पाऊस अडवण्यापुरतं नसतं. गाडी उलटली तर छताला आधार देण्यात तिचा वाटा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना याच काचेला टेकून प्रवाशाकडे वळते. काच किंवा तिची चिकट जोडणी कच्ची असेल, तर एअरबॅग असून उपयोग होत नाही.

म्हणून ५,२०० रुपयांचा पर्याय मी यादीतून काढून टाकते. काच कोणाची, असं तुम्ही विचारलंत तेव्हा काचवाल्याने ‘कंपनीसारखीच’ असं उत्तर दिलं, हे तुम्हीच लिहिलं आहे. हे उत्तर पुरेसं नाही. दात कोरून पोट भरत नाही.

१४,५०० आणि ८,५०० मधला फरक मात्र काचेच्या दर्जाचा असेलच असं नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या काच स्वतः बनवत नाहीत. सेंट-गोबेन सेक्युरिट, असाही इंडिया अशा उत्पादकांकडून घेतात. सेक्युरिटचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला आहे. तुमच्या आताच्या काचेचा खालचा कोपरा बघा. गाडीच्या कंपनीच्या खुणेबरोबर काच बनवणाऱ्याचं नावही छापलेलं असेल. दुकानात त्याच उत्पादकाची, तुमच्याच मॉडेलची काच मिळत असेल, तर सहा हजार रुपये जास्त मोजण्याचं कारण मला दिसत नाही.

दुकानात काच बसवण्यापूर्वी तो कोपरा स्वतः वाचा. उत्पादकाचं नाव, आयएसआय चिन्ह, त्यासोबत आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि लॅमिनेटेड असल्याची नोंद हवी. मग काच उभी धरायला सांगून तिच्यातून समोरचा विजेचा खांब किंवा खिडकीची चौकट बघा आणि डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. सरळ रेघ लाटेसारखी हलली तर ती काच परत करा. दिवसा हा दोष खटकत नाही, पण रात्री समोरून गाड्यांचे दिवे आले की डोळे शिणतात. कडेचा काळा पट्टा सलग हवा, कारण त्याच्यामागच्या चिकट थराला तो उन्हापासून वाचवतो.

बसवणाऱ्याला एवढंच विचारा: चिकटवायला काय वापरता? पीयू म्हणजे पॉलियुरेथेन हे उत्तर हवं, सोबत प्रायमर. नुसतं सिलिकॉन लावणार असेल तर दुकान बदला. जुनी काच कापताना चौकटीचा रंग खरवडला गेला आणि तसाच राहिला, तर तिथे गंज धरतो आणि वर्षा-दोन वर्षांत पाणी झिरपू लागतं. हे पावसाळ्याचे दिवस आहेत, काम छताखाली आणि कोरड्या चौकटीवरच करून घ्या. किती तासांनी गाडी चालवायची ते वापरलेल्या पीयूच्या सूचनांप्रमाणे विचारून घ्या आणि तेवढे तास पाळा. पुढचे एक-दोन दिवस गाडी धुऊ नका आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. सगळ्या काचा बंद करून दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या जोडावर येतो. पक्कं बिल घ्या, त्यावर उत्पादकाचं नाव आणि गळतीची हमी लिहून घ्या.

काचेबरोबर जाणाऱ्या दोन गोष्टी आधीच लक्षात घ्या. फास्टॅग काढताना खराब होतो. त्यातले पैसे बुडत नाहीत, पण ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडून बदली टॅग आधी मागवून ठेवा. नाहीतर घोटीच्या टोलनाक्यावर जास्तीचा टोल भराल. दुसरं, सुरक्षा नंबरप्लेटसोबत काचेवर आतून लावलेलं नोंदणी आणि इंधनाच्या रंगाचं स्टिकर. तेही नव्याने घ्यावं लागेल.

आरडी सुटेपर्यंत थांबायचं म्हणता, ते मला मान्य नाही. टिकली होती तोवर रेझिन भरून थोडक्यात भागलं असतं. कडेपासून निघालेला वीतभर तडा, तोही ड्रायव्हरच्या नजरेसमोर, दुरुस्त होत नाही. बाहेर ऊन, आत एसी किंवा एखादा मोठा खड्डा, एवढ्याने तो आणखी पळेल. तुमच्या बचत खात्यात ४०,००० रुपये अडीअडचणीसाठी आहेत, आणि ही अडचणच आहे. त्यातून ८,५०० काढा आणि दिवाळीत आरडी आली की आधी ते भरून टाका. आरडी मुदतीआधी मोडू नका. क्रेडिट कार्डावरच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांचीही गरज नाही, त्यात प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी येतो.

पुढच्या वर्षी गाडी विकाल तेव्हा मालकी बदलल्याची कागदपत्रं विमा कंपनीला देऊन बोनसचं प्रमाणपत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं. जुनी गाडी शोरूममध्येच एक्स्चेंजला दिलीत तर कागद त्यांच्याकडे राहतात आणि गडबडीत प्रमाणपत्र मागायचं राहून जातं, तेव्हा नव्या गाडीचा विमा काढण्याआधी ते हातात घ्या. आणि तोवर नूतनीकरण चुकवू नका. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की क्लेम नसतानाही बोनस जातो.