टेस्टला घाबरून रानात पळणारी माणसं लशीच्या रांगेत कशी आली?

तुमचा प्रश्न असा आहे: 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाची टेस्ट करायला आरोग्य खात्याची गाडी आली की तुमच्या गावातली माणसं रानात पळायची, आणि महिन्याभरात तीच माणसं लशीसाठी पहाटे पाचला रांगेत उभी होती. याला अडाणीपणा म्हणायचं का? आणि पुढच्या साथीत ग्रामपंचायतीनं काय करावं?

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातला. दोन्ही लाटांत गावच्या दक्षता समितीत होतो, त्यामुळे जे पाहिलं तेच सांगतो.

अडाणीपणा मुळीच नाही. आमच्याकडं टेस्ट चुकवणाऱ्यांत पदवीधर होते, माझ्यासोबतचे शिक्षकही होते. माणूस आजाराला भितोच, पण आजार सापडल्यावर पुढं काय होईल याला जास्त भितो. मार्च 2020 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या इस्लामपुरात रुग्ण सापडले आणि त्या गावाचं नाव राज्यभर झालं. आमच्या लोकांच्या मनात त्यातून एवढंच ठसलं की टेस्ट पॉझिटिव्ह आली की गल्लीला पत्रे लागतात, नाव व्हॉट्सअॅपवर फिरतं आणि डेअरीवर दूध घालायला गेलं की माणसं लांब सरकतात. मग अंगावर ताप काढणं हा त्यांच्या हिशेबानं शहाणपणाच होता.

एक प्रसंग सांगतो. सत्तरीतल्या एक आजी, तीन दिवस ताप. आशाताईंनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन 91 दाखवत होता, म्हणजे कमीच. दवाखान्यात चला म्हटल्यावर आजींनी हात पदराखाली घेतला. मी आकडे सांगितले, घाबरवलंसुद्धा. आजी भिंतीकडं तोंड करून बसल्या. मग आशाताई उंबऱ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "आजी, नेमकी काळजी कशाची हाय?" बऱ्याच वेळानं आजी बोलल्या, "म्हशीची धार कोण काढंल? आन् तिकडंच मेले तर प्लास्टिकात गुंडाळत्यात, पोराला माझं तोंड दिसायचं न्हाई." शेजारच्या जाऊबाईंनी धार काढायचं कबूल केलं, रोज संध्याकाळी मुलाशी व्हिडिओ कॉल लावून द्यायचं मी अंगावर घेतलं. आजी उठून लुगडं बदलायला गेल्या. अर्धा तास मी जे बोललो, त्यातला एक शब्दही त्यांच्या काळजीला शिवला नव्हता. त्याची खंत अजून वाटते.

यावर अभ्यासही झालाय. 1950 च्या दशकात अमेरिकेत क्षयाची एक्स-रे तपासणी फुकट असूनही लोक येईनात, तेव्हा हॉचबॉम, रोझेनस्टॉक या मानसशास्त्रज्ञांनी त्यामागचा हिशेब मांडला. मला होईल का, झालं तर किती वाईट, उपायाचा फायदा किती आणि त्यात आडकाठी काय, हे माणूस मनात तोलत असतो. आजींची आडकाठी म्हैस होती. पुढं 1992 मध्ये किम विटे यांनी मांडलं की भीती मोठी आणि सुटकेची वाट दिसत नसेल, तर माणूस धोका टाळायचं सोडून भीतीच दाबून टाकतो. "कोरोना बिरोना काय न्हाई" हे वाक्य तिथून येतं.

"मला होईल का" याचं उत्तर माणूस स्वतःच्या आठवणीतून काढतो. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. 2019 च्या महापुरात कितीतरी जण घरात थांबले, कारण 2005 ची खूण भिंतीवर होती आणि पाणी त्याच्या वर येणार नाही अशी खात्री होती. पाणी वर आलं. कोरोनातही पहिल्या लाटेत वाचलेल्यांनी तीच खूण धरली होती. दुसऱ्या लाटेत ओळखीची, धडधाकट माणसं गेली आणि रांगा लागल्या. पण त्याच भीतीनं लोक गरज नसताना एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) स्कोअर काढत फिरले, रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनसाठी दागिने गहाण टाकून बसले. म्हणून भीतीवर विसंबून मोहीम आखू नका. ती माणसाला पळवते, पण कुठल्या दिशेला ते आपल्या हातात राहत नाही.

जबरदस्तीचं तर नावच काढू नका. 1897 मध्ये पुण्यात प्लेगसाठी सैनिक घरात शिरले, तेव्हा लोकांनी रोगी लपवले. त्याच साथीत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला प्लेगनंच गेल्या. लोक कुणाच्या हाती आपलं माणूस सोपवतील, याचा विचार आधी करा.

आता ग्रामपंचायतीचं. साथ नसताना, आत्ताच, वाडीवार वही करा: एकटं कोण राहतं, जनावरं किती, घरचं माणूस दवाखान्यात गेलं तर धार, वैरण, स्वयंपाक कोण बघणार. रुग्णाचं नाव बाहेर जाणार नाही असा ठराव करा आणि तो पाळा. लशीनंतर एखाददुसरा दिवस ताप येऊ शकतो, हे आधीच सांगा. आम्ही पहिल्या दिवशी सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी केंद्र ओस पडलं. द्राक्षाची काढणी चालू असताना शिबिर ठेवू नका, मजुरीचा रोज बुडवून कुणी येत नाही. आणि घरोघर जाताना आशाताईंना पुढं ठेवा, गावचे पुढारी मागं राहिले तरी चालतील.